चोवीस डब्यांची एकच किल्ली

सोलापुरात सात रस्त्याजवळ, एका झेरॉक्सच्या दुकानाच्या डोक्यावर, चार माणसांची एक कंपनी होती. त्यातले एक मालक, युवराज सर. एक जण फोन उचलायचा. एक जण कायम रजेवर असायचा. आणि काम करायची ती दिपाली.

कंपनीनं साबणाच्या वडीएवढे डबे बनवले होते. डबा यंत्रमागावर बसवायचा, तो मागाचे ठोके मोजायचा आणि किती टॉवेल विणले गेले ते कारखान्याच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरला कळवायचा. वाटेत कुणी आकड्यांत हात घालू नये म्हणून प्रत्येक डबा चालू झाला की स्वतःची गुप्त किल्ली तयार करायचा आणि कॉम्प्युटर त्या किल्लीवरून डबा ओळखायचा. पहिले चोवीस डबे अक्कलकोट रोड एमआयडीसीत, रुद्रप्पा मालकांच्या टॉवेलच्या कारखान्यात बसले.

आठ दिवसांत मालकांचा फोन आला. "पोरी, लाईट गेली, लाईट आली, माग सुरू झाले, आन् तुमचे डबे धा-धा मिनिटं ध्यान लावून बसतात की!"

दिपालीला कारण शोधायला एक दिवस लागला आणि ते युवराज सरांच्या गळी उतरवायला दोन.

"सर, किल्ली बनवणाऱ्या प्रोग्रॅमला कुणालाही ओळखता येणार नाहीत असे आकडे लागतात. त्यांची सुरुवात खऱ्याखुऱ्या गोंधळातून व्हावी लागते. आपल्या लॅपटॉपवर माऊस हलतो, बटणं दाबली जातात, त्यातून तो मिळतो. डब्याला ना माऊस, ना बटणं. पुरेसा गोंधळ गोळा होईपर्यंत तो बिचारा थांबतो."

"सोलापुरात गोंधळ मिळत नाही?" सर स्वतःच्या विनोदावर पोटभर हसले. मग म्हणाले, "सुरुवातीचा आकडा आपणच देऊ. तशी सेटिंग असेलच ना?"

"आहे, पण ती चाचणीपुरती आहे. सगळ्यांना एकच आकडा दिला तर चोवीस डबे एकच किल्ली बनवतील. म्हणजे गल्लीतल्या सगळ्या घरांना एकच कुलूप."

"गल्लीला माहीत नाही तोवर काय बिघडतंय? टाक तू."

दिपालीनं आपल्या स्कूटीचा नंबर टाकला. शेजारी स्वतःसाठी टीप लिहिली : तात्पुरतं. रस्ता खणणारेही तसलीच पाटी लावतात, हे तिला माहीत होतं. पण डबे लाईट येताच टणकन उठायला लागले, मालकांचे फोन थांबले आणि ती टीप तिनं पुन्हा उघडली नाही.

महिनाअखेरीस युवराज सरांच्या लाडक्या ॲपनं आपलं काम चोख केलं. ज्याच्या मागाचे टॉवेल सर्वांत जास्त, त्याचा फोटो, भोवती फुलं, खाली 'महिन्याचा सर्वोत्तम विणकर', असं पोस्टर कारखान्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आपोआप पडलं. फोटो बिरप्पाचा होता.

एक नंबरच्या मागावरचा बिरप्पा कारखान्यात प्रसिद्ध होता, पण विणण्यासाठी नाही. तंबाखू मळायला तो बाहेर गेला की मागचे दोन कामगार पैज लावायचे, जेवणाच्या सुट्टीआधी येतो की नंतर. उरलेल्या तेवीस जणांना ॲपनं 'आणखी प्रयत्न करा' असा मेसेज पाठवला होता. त्यांनी मालकांच्या केबिनबाहेर गर्दी केली. पण मालक फक्त कारखान्याचा एकूण आकडा बघायचे आणि तो तर बरोबर होता.

"माणूस खोटं बोलतो, मशीन न्हाय," असं म्हणून त्यांनी सगळ्यांना वाटेला लावलं आणि शुक्रवारी सत्कार ठरवला.

शुक्रवारी माग बंद ठेवून मांडव घातला. युवराज सर फोटोसाठी नवा शर्ट घालून आले. पडद्यावर आकडे दाखवायचे म्हणून दिपालीनं लॅपटॉप उघडला, आणि मागांची यादी वर-खाली सरकवून पुन्हा पाहिली. एक नंबरच्या मागावर अख्ख्या कारखान्याचे टॉवेल. बाकी तेवीस मागांपुढं शून्य. बिरप्पाचा माग स्विचबोर्डाला लागून, त्यामुळे त्याचा डबा सर्वांत आधी जागा व्हायचा. कॉम्प्युटर ती किल्ली त्याच्या नावावर लिहायचा, आणि नंतर तीच किल्ली घेऊन येणारा प्रत्येक डबा त्याला बिरप्पाचाच वाटायचा.

ती सरांच्या कानाशी लागली. सरांनी चेहऱ्यावरचं हसू जराही न हलवता ओठांतल्या ओठांत म्हटलं, "गप्प. आधी शाल घालू दे."

मालकांनी शाल घातली. बिरप्पा हार सावरत उभा राहिला. बायकांच्या रांगेतून त्याची बायको मल्लव्वा मोठ्यानं म्हणाली, "घरात दोरीवरचा टॉवेल काढत न्हाय ह्यो!" मांडव हसला. पण मागच्या रांगेतले तेवीस जण हसत नव्हते. त्यातला एक जण घड्या घातलेल्या टॉवेलांच्या गठ्ठ्याकडे नुसता बघत होता. दिपालीला त्याचं ते बघणं सहन होईना. ती उठली आणि मालकांच्या हातातला माईक तिनं जवळजवळ ओढूनच घेतला.

"चूक माझी आहे," ती म्हणाली. "सगळ्या डब्यांना मी एकच आकडा दिला. म्हणून तुमचे सगळ्यांचे टॉवेल बिरप्पामामांच्या नावावर गेले. तुमच्यातलं कुणीही कमी पडलेलं नाही."

मग बिरप्पाच बोलला.

"मला बी वाटलंच हुतं की. म्हैन्यातलं नऊ दिवस मी मंगळवेढ्याला लग्नात हुतो."

"मग बोलला का न्हाईस?" मालक कडाडले.

"मालक, मशीन खोटं बोलत न्हाय म्हनालात. तुमच्यापुढं आन् मशीनपुढं मी कुटं तोंड उघडू?"

मालकांच्या मिशा थरथरल्या. त्यांना हसायचं होतं, की बिरप्पाला हाणायचं होतं, हे कुणालाच कळलं नाही. त्यांनी युवराज सरांना आठ दिवसांची मुदत दिली. तोवर सुधारलं नाही तर डबे भंगारात.

दुसऱ्या दिवशी दिपाली लॅपटॉप घेऊन कारखान्यातच येऊन बसली. तिनं आधी स्कूटीचा नंबर काढून टाकला, आणि डबे पुन्हा ध्यानाला बसले. आता गोंधळ आणायचा कुठून? कानाला दडे बसवणाऱ्या त्या खडखडाटात ती कपाळाला हात लावून बसलेली बघून बिरप्पा ओरडला, "काय पायजे ताई?"

"गोंधळ!" तीही ओरडली.

बिरप्पानं नुसता हात गोल फिरवून अख्खी शेड दाखवली. "आन् ह्ये काय हाय मग? माझा माग लंगडतो, शेजारचा खोकतो. दोन ठोके सारखे पडतील तर शप्पत!"

दिपालीनं त्याच्याकडे बघितलं आणि ती लगेच ठोक्यांमधली वेळ मोजायला लागली. डबा ठोके ऐकतच होता. दोन ठोक्यांमधल्या वेळेचे अगदी शेवटचे, बारीक आकडे कधीच सारखे येत नव्हते. पण लाईट आल्याबरोबर माग फिरतोच असं नाही. म्हणून तिनं माग चालू असतानाच थोडा गोंधळ डब्याच्या पोटात साठवून ठेवायची सोय केली. लाईट आली की डबा जुना साठा वाचून घेणार, त्यातूनच ढवळून काढलेला नवा साठा आधी त्या जागी लिहिणार, मगच जुन्यातून किल्ली बनवणार, म्हणजे एकच गोष्ट दोनदा वापरली जाणार नाही. प्रत्येक डब्याचा साठा त्याच्या स्वतःच्या मागाचा.

तीन दिवस तिनं मेन स्विच खालीवर करून तपासलं. विसाव्यांदा अंधार झाल्यावर मालक केबिनमधून बाहेर आले. "लाईट घालवायला आता तूबी लागलीस व्हय?"

"झालं मालक. चोवीस डबे, चोवीस किल्ल्या. सेकंदात उठतात."

पुढच्या महिन्याच्या यादीत बिरप्पा चोविसावा आला. त्यानं शाल परत केली नाही आणि ती मागायची कुणाला सोय नव्हती, कारण मल्लव्वा ती पांघरूनच बाजाराला जात होती.

मालकांनी दुसऱ्या शेडसाठी तीस डबे मागवले. फोन युवराज सरांनीच घेतला आणि नेहमीप्रमाणे, "आमच्या टीमनं" असं काहीसं सुरू केलं.

"ती टीम ऱ्हाऊ द्या," मालक म्हणाले, "चूक कबूल करणारी ती पोरगी पाठवा."