पाच ते पावणेसहा

मी एक पत्र्याचा डबा आहे. गोल, हिरव्या रंगाचा, झाकणावर गुलाबांची नक्षी असलेला. त्यातले निम्मे गुलाब आता गंजाने खाल्लेत. माझ्या पोटात बिस्किटं नाहीत, चकल्याही नाहीत. रोज पाऊण तास माझ्या पोटात एक मोबाइल असतो. त्या पाऊण तासाची हकिगत सांगायला आज मी तोंड उघडलंय.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यातला, तो मला आठवत नाही. कळू लागलं ते देवळाली कॅम्पात. एका सुभेदाराच्या बायकोने दिवाळीला मला बिस्किटांसकट घरी नेलं. बिस्किटं आठवड्यात संपली, पण माणसांना रिकामा डबा टाकवत नाही, हे माझं नशीब. छावणीत बदली झाली की लोक निम्मं सामान शेजारीपाजारी वाटून निघतात. सुभेदारीणबाई गेल्या आणि मी त्यांच्या शिवणवाल्या हाजराभाभीकडे आलो. दोरे, बटणं, टाचण्या सांभाळत तिच्याकडे सहा वर्षं काढली. पलीकडच्या डोंगराकडे तोफांचा सराव सुरू झाला की माझ्यातली बटणं आपोआप खुळखुळायची.

मग एकदा हाजराभाभीने शिवता शिवता फोनवर कसलासा व्हिडिओ बघितला आणि गिऱ्हाइकाच्या ब्लाउजला उजवी बाही डाव्या बाजूला लावली. त्या दिवशी तिने मला उपडा करून दोरे बाहेर काढले. मशीनवर बसताना फोन माझ्यात टाकायचा आणि झाकण घट्ट लावायचं, असा तिचा नेम झाला.

हे निकिताने पाहिलं. निकिता वरच्या मजल्यावर भाड्याने राहते. नवरा संतोष तोफखान्यात हवालदार, सध्या सीमेवर. घरात ती आणि निफाडकडच्या गावाहून आलेली सासू, कुसाबाई.

"भाभी, फोन डब्यात कशाला?" निकिताने विचारलं.

"बाहेर राहिला तर हात त्याच्याकडेच जातो गं. मग बाही उलटी. तुला काय, तू तर शिवत नाहीस."

निकिता म्हणाली, "भाभी, मी कॉलेजात दोन दिवसांत एक कादंबरी वाचायचे. आता दोन पानं होत नाहीत. आठ महिने झाले, एक पुस्तक उशाशी आहे. पान एकतीस. माझं डोकं बिघडलंय का हो?"

हाजराभाभी हसली नाही. तिने मला रिकामं केलं, पुसलं आणि निकिताच्या हातात दिलं. "ले जा. मला दुसरा डबा आहे. डोकं ठीक आहे तुझं, जागा नाहीये डोक्यात."

असा मी वरच्या मजल्यावर आलो.

ते पुस्तक मी पाहिलं. सहाशे पानांची जाड कादंबरी. नाशिकला गंगापूर रोडवरच्या पुस्तक प्रदर्शनातून आणलेली. आणल्या दिवशी चहाच्या कपाशेजारी ठेवून तिचा फोटो काढला होता, तो पुष्कळांना आवडलाही होता. मला या फोटोंचा संताप येतो. पोळीचा फोटो काढून कुणाचं पोट भरलंय का? पुस्तकाच्या बाबतीत मात्र माणसांना वाटतं, विकत घेतलं, फोटो टाकला, झालं वाचून!

निकिताने वेळ ठरवली पाच ते पावणेसहा. स्वयंपाकाला अवकाश असतो आणि खिडकीतून उजेड येतो. पहिल्या दिवशी तिने मला सात मिनिटांत उघडलं. मग पुन्हा, मग पुन्हा. चौथ्यांदा झाकण काढलं तेव्हा कुसाबाई भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "फोन कोंडला व्हय? काय गुन्हा केला त्यानं?"

"आई, मला वाचायचंय."

"मंग वाच की. तू तर डबाच वाचायला बसली."

टोमणा खरा होता. फोन माझ्या पोटात होता, पण निकिताचं मन झाकणावर बसून होतं. मग ती एकेक युक्ती करू लागली. शेजारी कागद-पेन्सिल ठेवली. वाचताना 'गॅस नोंदवायचा' आठवलं की उठायचं नाही, कागदावर लिहायचं. पहिले चार-पाच दिवस कागद भरून जायचा, दुसऱ्या आठवड्यात त्यावर दोन ओळी उरल्या. सुरुवातीचं पान ती मोठ्याने वाचायची, म्हणजे खालच्या बाजारातला गलबला मागे पडायचा. प्रकरण संपलं तिथे न थांबता मधेच, ऐन रंगात थांबायची. दुसऱ्या दिवशी पाच वाजायच्या आधीच तिचे पाय खिडकीकडे वळू लागले.

संतोषला मात्र तिने यातलं काही सांगितलं नव्हतं. तो तिकडे बर्फात उभा आणि आपण इकडे कादंबरी वाचतोय, हे सांगायची तिला लाज वाटत होती. त्याचा फोन बहुधा आठनंतर यायचा. पाऊण तासाने कुणाचं काय जातंय, असं ती स्वतःला म्हणायची.

एका गुरुवारी पावणेसहाला तिने झाकण काढलं आणि फोन थरथरू लागला. एकामागून एक संदेश. संतोषने चार वेळा फोन लावला होता. माझं झाकण घट्ट, त्यात त्या खोलीत मुळात रेंज कमी. त्याला चारही वेळा 'संपर्क क्षेत्राबाहेर' ऐकू आलं होतं. कुसाबाईंकडे फोन नाही. शेवटचा संदेश असा होता: 'वरच्या पोस्टवर चाललोय. तिथे फोन नाही. वीस-बावीस दिवस. काळजी घे. फोन का बंद?'

निकिताने लगेच फोन लावला. आता तो बंद होता.

तिने मला उचलून माळ्यावर ढकललं. माझ्यापाठोपाठ पुस्तकही आलं. मी पत्र्याचा, मला काय लागणार? पण 'फोन का बंद?' हे तीन शब्द बावीस दिवस तिच्या मनात राहणार होते, आणि ते माझ्या झाकणामुळे.

चार दिवस माळ्यावर धूळ खाल्ली. खालचं सगळं ऐकू यायचं. निकिता दिवसभर फोन हातात धरून बसायची. येणार नाही हे माहीत असलेल्या फोनची वाट बघायची. भात दोनदा करपला. पाचव्या दिवशी स्टुलावर चढायचा आवाज आला आणि कुसाबाईंचा हात दिसला.

"आई, पडाल!"

"पडू दे. हे घे तुजं पुस्तक. बावीस दिस फोन येनार नाय म्हनतो ना त्यो? मंग आता धाक कोनाचा? वाच."

"मन लागत नाही हो."

"मन लागायची वाट बघितली असती तं मी कधी येक वावर निंदलं नसतं. बस तिथं. आन मोठ्यानं वाच, मलाबी कळू दे."

निकिता बसली. मी तिच्यापुढे रिकामा, फोन खिडकीच्या कठड्यावर उघडा. पहिल्या दिवशी तिने तीन पानं वाचली, तीही अडखळत. दुसऱ्या दिवशी नऊ. कुसाबाईंसाठी सगळं मोठ्याने वाचायला वेळ पुरेना, तेव्हा निकिता मनात वाचायची आणि मग काय झालं ते सांगायची. सांगताना तिला कळायचं, आपल्याला कुठलं समजलंय आणि कुठलं नुसतंच डोळ्यांखालून गेलंय. जिथे अडायची तिथे मागे जाऊन पुन्हा वाचायची. कुसाबाई तर कादंबरीतल्या थोरल्या भावावर असल्या चिडल्या, की त्याचं नाव निघालं की भाजीच्या काड्या जोरात मोडायच्या. "लय बाराचा हाय त्यो. फुडं काय केलं त्यानं?"

फोन समोर पडलेला असायचा आणि निकिता त्याच्याकडे बघायचीही नाही. माझ्याविना तिचं चाललं होतं. मला थोडं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

चोविसाव्या दिवशी, पाच वाजून दहा मिनिटांनी, फोन वाजला.

"ठीक आहेस ना?" संतोषचा आवाज घोगरा झाला होता. "आई बरी आहे?"

"सगळे बरे आहोत. तुम्ही?"

"बरा. त्या दिवशी फोन का बंद होता? चार वेळा लावला. चोवीस दिवस मी काय काय विचार केले असतील!"

निकिताने कुसाबाईंकडे पाहिलं. कुसाबाई मान खाली घालून भाजी निवडू लागल्या. चार्जिंग संपलं होतं, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं.

"मी वाचत होते," निकिता म्हणाली. "फोन डब्यात ठेवला होता."

"वाचत होतीस?"

"हो. तुम्हाला सांगायला हवं होतं, ते चुकलं. अहो, वर जाताना तुम्ही फोन जमा करता ना? कशासाठी?"

"लक्ष हलू नये म्हणून. तिथली गोष्ट वेगळी आहे, निकिता."

"वेगळी आहेच. तुमचं लक्ष हललं तर जिवावर बेतेल, माझं हललं तर पान उलटायचं राहील. पण आठ महिन्यांत माझं एकही पान उलटलं नव्हतं हो. मला भीती वाटायला लागली होती."

"किती वाजता वाचतेस?" त्याने विचारलं.

"पाच ते पावणेसहा."

"आणि मला नड असली तर?"

"लागोपाठ दोनदा लावा. मी उचलीन. झाकण लावणार नाही."

"बरं. एरवी मी सहाला लावत जाईन. लाइन मिळाली तर." मग त्याने विचारलं, "आत्ता किती पानं राहिलीत?"

"सत्तर."

"बोलायची माझी चार मिनिटं उरलीत. जा, वाच."

त्याने खरोखर फोन ठेवला. त्या दिवशी निकिताने एकच पान तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा डोळे पुसले.

तेव्हापासून मी बिनझाकणाचा आहे. झाकणात कुसाबाई लसूण सोलून ठेवतात. माझा हिरवा रंग उडालाय, तळाला पोचा आलाय. कुणी विचारलं की वाचनासाठी असला डबा कुठे मिळतो, तर मी म्हणेन, डब्याच्या नादी लागू नका. मी फक्त फोन धरतो, मन धरणं माझ्या पत्र्याला जमत नाही. निकिताने पहिल्यांदा तो पाऊण तास चोरून घेतला होता, म्हणून वाचताना तिचा एक कान कायम दाराशी असायचा. आता तिने तो सांगून घेतलाय. तुम्हीही घरच्यांना, लांबच्यांना एकदा स्पष्ट सांगा: ही माझी वाचायची वेळ. लाजू नका. चिडणारे चिडतील. पण तुमच्यावर माया असेल, तर तेच तुमचा पाऊण तास राखतील.

कादंबरी आज संपली. शेवटचं पान मिटून निकिता खिडकीबाहेर बघत बसलीय आणि कुसाबाई मागे लागल्यात, "सांग की गं, त्या भावाचं काय झालं शेवटी?"

"थांबा आई. दोघांना एकदमच सांगते."

आता मला रजा द्या. सहा वाजलेत, आणि माझ्या पोटात काहीतरी थरथरू लागलंय.