फेसाखालचा सल्ला

थोरल्या मुलीला जुळं झालं आणि जावयाला अक्कल फुटली, त्या वर्षीची ही गोष्ट. आधी त्याला अक्कल नव्हती असं नाही, पण ती स्वतःच्या घरापुरती होती. दोन पाळणे हलायला लागले तशी ती सासऱ्याच्या दुकानापर्यंत पोचली.

सासऱ्याला सगळे वस्ताद म्हणत. केस कापायचं, दाढी करायचं दुकान. तीन खुर्च्या, त्यातली एक मोडकी, ती नुसत्या गप्पा मारायला येणाऱ्यांसाठी. दुकानाला नियम एकच. वस्तरा गळ्याशी आला की गिऱ्हाइकानं हूं नाही की चूं नाही करायचं. चाळीस वर्षांत वस्तादनं कुणाचं रक्त काढलं नव्हतं, आणि त्याचं निम्मं श्रेय तो या नियमाला देई. नियम दादाचा, म्हणजे थोरल्या भावाचा. वस्तरा धरायलाही त्यानंच शिकवलं. आता दादाचं एक अंग लुळं पडलं होतं आणि तो दुकानामागच्या घरात खाटेवर असे. रोज सकाळी पहिली दाढी दादाची, मग दुकानाची फळी उघडायची. दादा दुसऱ्या कुणाला गालाला हात लावू देत नसे. एकदा जावयानं प्रयत्न केला, तर दादानं चांगल्या हातानं त्याच्याच तोंडाला फेस फासला.

तर जावई म्हणाला, "मामा, कंपनीची फ्रँचायझी घ्या. पाटी त्यांची, खुर्च्या त्यांच्या, आरसे असे की माणूस दहा वर्षांनी लहान दिसतो."

"आणि माझं काय?"

"तुमचा हात."

"म्हणजे वरात त्यांची आणि घोडं मी."

पण मनातून वस्ताद हरखला होता. मोडकी खुर्ची त्यालाही टोचत होती. दोन दिवसांनी कंपनीचा टायवाला आला, चाळीस पानांचा करारनामा ठेवून गेला. शुक्रवारी येतो, म्हणाला, सहीचं तेवढं बघून ठेवा.

वस्तादला अक्षरओळख झाली ती पस्तिशीत, तीही गिऱ्हाइकांच्या वर्तमानपत्रावरून. मथळे त्याला घडाघडा येत. बारीक मजकुराशी अजून वाकडं होतं. आणि या करारात मथळे चार, बाकी सगळा बारीक मजकूर.

"वकिलाला दाखवा," बायको म्हणाली.

"त्यासाठी त्याचे जिने कशाला झिजवू? दर गुरुवारी तो आपल्याच खुर्चीत पसरतो. विचारतो की."

गुरुवारी वकील आले. वस्तादनं फेस चढवला, एक गाल केला, हनुवटी वर केली, वस्तरा गळ्याशी नेला आणि मुद्द्याला हात घातला.

"साहेब, कंपनीचा करार करतोय. पाच वर्षांचा. बरा ना?"

वकील गप्प.

"पाटी त्यांची लागणार. चालतंय ना?"

गप्प.

"मी म्हणे बाहेर कुठं काम करायचं नाही. ती तर रीतच झाली, नाही का?"

आता वकिलांच्या भुवया कपाळावर चढल्या आणि डोळे बटाट्याएवढे झाले. डोळ्यात फेस गेला असेल, म्हणून वस्तादनं मायेनं टॉवेलानं टिपला. तेवढ्यात खिशातला फोन वाजला. कोर्टात पुकारा झाला होता. वकील एक गाल तसाच ठेवून, गळ्यातल्या कापडासकट पळत सुटले.

संध्याकाळी बायकोनं विचारलं, "काय म्हणाले वकील?"

"तीन प्रश्न विचारले. एकालाही हरकत घेतली नाही."

"कधी विचारलेत?"

"दाढी करताना."

"गाल करताना की गळा?"

वस्ताद छताकडे बघायला लागला.

"अहो, गळ्यावर वस्तरा ठेवला की माणूस कशालाही हो म्हणतो! दरोडेखोर असाच सल्ला घेतात. उद्या सकाळी उठा आणि माणसासारखे त्यांच्या ऑफिसात जा."

शुक्रवारी वस्ताद शिंप्याच्या दुकानावरचा जिना चढला. वकिलांचा एक गाल अजून तसाच होता.

"बसा," ते म्हणाले. "आता तोंड तुमचं बंद आणि माझं उघडं. काल मी भुवयांनी बोंबलत होतो, तर तुम्ही माझे डोळे पुसताय!"

मग त्यांनी बोट फिरवत एकेक ओळ वाचली. एकतिसाव्या पानावर बोट थांबलं.

"ऐका. करार चालू असताना, आणि संपल्यावर पुढची तीन वर्षं, कंपनीच्या दुकानाबाहेर कुणाचीही दाढी वा केस करायचे नाहीत. मोबदला घेऊन वा न घेता."

"न घेतासुद्धा?"

"सुद्धा."

"घरी?"

"घर दुकानाबाहेरच असतं ना?"

वस्तादनं बोटांवर पाच आणि तीन मोजले. आठ वर्षं. दादा आठ वर्षं काढणार होता थोडाच.

"सही करायची तर हे कलम आधी काढून घ्या," वकील म्हणाले. "तो तोंडी काय वाटेल ते सांगेल. कागदावर नाही ते वाऱ्यावर."

दुपारी टायवाला आला. जावई पेढीवरच्या मालकासारखा शेजारी उभा.

"हे एवढं खोडा," वस्ताद म्हणाला.

"अहो, ते लिहायचं म्हणून लिहिलंय. घरच्या दाढीला कोण विचारतंय?"

"मग खोडा."

"खोडता येत नाही. सगळ्या दुकानांना एकच मसुदा."

"कुणी विचारत नाही तर लिहिलंय कशाला? आणि लिहिलंय तर विचारणार नाही कशावरून?"

"मामा, एका दाढीपायी..." जावई कळवळला.

"जावईबापू, दाढी तुमची नाही."

टायवाल्यानं पेन खिशाला लावलं आणि तो गेला. दादाला मागं सगळं ऐकू गेलं होतं. वाकड्या तोंडानं तो म्हणाला, "माझ्या चार खुंटांसाठी आलेली लक्ष्मी घालवलीस. गाढव आहेस."

"गाढवाचा थोरला भाऊ कोण असतो, ते सांग."

दादा हसला, तेही अर्ध्याच तोंडानं.

कंपनीनं पुढच्या कोपऱ्यावर दुसऱ्या कुणाला दुकान काढून दिलं. आरसे खरंच झकास होते. वस्तादची तरणी गिऱ्हाइकं तिकडे गेली आणि बरीचशी परत आली नाहीत. जावई तिथंच केस कापून यायचा आणि सासुरवाडीला येताना टोपी घालायचा.

दादा त्यानंतर दोन वर्षांनी, अकरा ऑगस्टला, सकाळी नऊच्या सुमाराला गेला. तेव्हा तो एकोणऐंशी वर्षांचा होता, आणि त्या दिवशीची पहिली दाढीही त्याचीच झाली होती.