बकऱ्याचा मथळा

कचेरीत तिला सगळे मथळेबाई म्हणत. कुणाचं तेल असो, गादी असो की विमा, वाचणाऱ्याचं बोट जागच्या जागी थबकेल अशी एक ओळ काढून देणं हे तिचं काम. पण गिऱ्हाइकाचं एका ओळीवर कधी समाधान होत नसे. त्याला दोन लागत. अर्ध्या लोकांना एक दाखवायची, उरलेल्यांना दुसरी, आणि जिच्यावर जास्त बोटं पडतील ती ठेवायची. त्यावर कचेरीने युक्ती काढली होती. एक मथळा मन लावून लिहायचा आणि त्याच्या जोडीला एक मुद्दाम मिळमिळीत. या दुसऱ्याला म्हणायचे बकरा. बिचारा कापला जाण्यासाठीच जन्माला यायचा.

त्या दिवशी माल होता दाराची बेल. बाहेर कोण उभं आहे ते मोबाइलवर दाखवणारी. खरा मथळा तिने झोकात लिहिला: ‘चोर दारात येण्याआधी तुम्हाला कळेल!’ बकरा मात्र सुचेना. साहेब डोक्यावर उभा. त्याला आकड्यांपलीकडे काही दिसत नसे, म्हणून माघारी सगळे त्याला आकडेशास्त्री म्हणत.

“बाई, बकऱ्याला कसला एवढा साज? ढकला काहीतरी.”

तिने हाताला लागलं ते ढकललं: ‘घरात कुणी नाही, तरी ती रोज बेल वाजवते.’

ते वाक्य तिच्या थोरल्या बहिणीचं होतं. ताई दुसऱ्या गावी एकटी राहायची. भावजी गेल्यावर एकदा फोनवर आवाज खाली आणून म्हणाली होती, “किल्ली माझ्याच हातात असते गं. घरात कुणी नाही हेही ठाऊक असतं. तरी रोज आधी बेल वाजवते. पोटात ठेव हं. लोक वेडी म्हणतील.”

कापायच्याच ओळीत घातलं तर कोण बघतंय, असं मथळेबाईने स्वतःला समजावलं.

दुपारी जेवणाचे डबे उघडायच्या आतच ओरडा झाला. चोराकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. लोक बकऱ्यावरच तुटून पडले होते.

“बकऱ्यानेच खाटकाला कापलं की!” चित्रं काढणारी पोरगी खिदळली.

मथळेबाईने डबा न उघडताच बाजूला सारला. मनातल्या मनात देवाचं नाव घेत ती साहेबाकडे गेली.

“साहेब, हा मथळा काढायला हवा.”

“का? खोटा आहे?”

“खरा आहे.”

“मग?”

“माझा नाही तो.”

साहेब दचकला. “दुसऱ्या कंपनीचा उचललात?”

“माझ्या बहिणीचा आहे.”

“हात्तिच्या! मग घरचाच झाला.” त्याने संगणक तिच्याकडे वळवला. “आणि आता काढणारे आपण कोण? गिऱ्हाइकाने उचललाय. सगळीकडे लावतोय. तुमचं नाव काढलं त्याने.”

तिने गिऱ्हाइकाला स्वतः फोन लावला. त्याने तिचं कौतुक केलं, अशाच आणखी ओळी मागितल्या आणि तिला पुढे बोलूच दिलं नाही. संध्याकाळी घरी जाताना बसमध्ये शेजारी बसलेल्या अनोळखी बाईच्या मोबाइलवर तिला तीच ओळ दिसली. बाईने ती दोनदा वाचली. मथळेबाईने मान खाली घातली.

घरात पाऊल टाकते न टाकते तोच ताईचा फोन. माफी मागायची म्हणून तिने तोंड उघडलं.

“अगं, थांब, आधी माझं ऐक,” ताई धापा टाकत होती. “मोबाइलवर आलंय. बेलचं. एक बाई आहे, माझ्यासारखीच! घरात कुणी नाही तरी वाजवते. आणि मी मेली इतके दिवस स्वतःला खुळी समजत होते.”

कितीतरी दिवसांनी ताईच्या आवाजात जीव आला होता.

“ताई, ते...”

“तुमच्याच धंद्यातलं ना हे? मग तुला शोधता येईल. कोण गं ती? नंबर मिळव ना. मी त्रास नाही द्यायची, एवढंच विचारीन.”

“काय?”

“वाजवल्यावर ती थांबते का? मी थांबते. चप्पल सरकवून दारापर्यंत यायला जेवढा वेळ लागतो ना यांना, तेवढी. बघशील ना गं?”

“बघते,” मथळेबाई म्हणाली.

“तिचा नंबर घ्यायला उद्या करू फोन?” ताईने विचारलं.