रविवारचं सूप

आमच्या दुकानात मास्तरांच्या कात्रीला दुसऱ्या कोणी हात लावत नाही. मास्तर म्हणजे मी. कोटाचं कापड मी कापतो, बाकीचे शिवतात. त्यामुळे मालकाने त्या दिवशी माझ्या टेबलावरची कात्री सहज उचलली, तेव्हाच मी काय ते ओळखलं.

"मास्तर, बाही पुन्हा वाकडी गेलीय," तो म्हणाला. "लोकरीचं कापड आहे, रद्दी नव्हे. आता हे चार कोट नीट काढून दाखवा. नाही जमलं तर काउंटरवर बसा. खुर्ची देतो, पंखा देतो."

पंखा देतो म्हणे! उभा जन्म या टेबलाशी गेला माझा. काउंटरवर बसून मी काय गिऱ्हाइकांना नमस्कार करू?

मला कंपवात आहे. गोळी लागू पडली की हात माझा असतो, नाही पडली की तो कोणाच्या बापाचं ऐकत नाही. डॉक्टरांनी समजावलं होतं, की गोळी आणि प्रथिनं शरीरात एकाच दारातून शिरतात. दारात गर्दी झाली की गोळी बाहेरच ताटकळते. म्हणून दिवसा दूध, अंडी, डाळ, मांस बंद. जे काय खायचं ते रात्री, काम संपल्यावर. मी हे इमानेइतबारे पाळतो. दुपारी दुकानात सगळे डबे उघडतात, एकमेकांच्या डब्यात हात घालतात, आणि मी भिंतीकडे तोंड करून सूप पितो. आधी बोलवायचे. आता बोलवत नाहीत, त्यात त्यांचीही काही चूक नाही.

सूप ताईचं. माझी थोरली बहीण. नवरा गेला, मुलं दूरदेशी. रोज सकाळी बसने येते, माझ्या स्वयंपाकघरात भाज्यांचं सूप करते, एक वाडगा मला समोर बसवून पाजते आणि उरलेलं डब्यात भरते. मी लग्न केलं नाही. या घरात दिवसभरात कोणी बोलत असेल, तर तेवढ्याच वेळात. विषय मात्र एकच.

"पोट पाठीला लागलंय तुझं, बाळ्या. आरशात बघतोस का कधी?"

साठी उलटलेल्या माणसाला बाळ्या म्हणणारी आता ती एकटीच उरलीय.

पहिले दोन दिवस मी कोटांना हातच लावला नाही, खडूची रेघसुद्धा सरळ येईना. मग ताईला सर्दी झाली आणि ती दोन दिवस आली नाही. मी आपले बटाटे उकडले, एक सफरचंद कापलं. आणि दुपारी कात्री कापडातून अशी सरसर गेली, जशी पूर्वी जायची. दोन दिवसांत दोन कोट निघाले. आनंद झाला, खोटं कशाला बोलू. पण मनात पाल चुकचुकली.

तिसऱ्या दिवशी ती आली. मी दाढी करायला गेल्यासारखं केलं आणि दाराआडून पाहिलं. पिशवीतून दुधाच्या पावडरचा डबा निघाला. एक चमचा, दुसरा, वर आणखी थोडी. मग छान घोटून घोटून ती सूप ढवळायला लागली.

"ताई!"

ती दचकली आणि उलट माझ्यावरच उखडली. "ओरडतोस काय? आई नाही का बटाट्यात अंडं कुस्करून भरवायची तुला? सरळ दिलेलं कधी खाल्लंस? फसवून फसवूनच वाढवलंय तुला."

"कधीपासून घालतेस?"

"तुझी हाडं दिसायला लागली तेव्हापासून. डॉक्टर दूध नको म्हणाले, दूध नाहीच घातलं मी. ही नुसती पावडर. कळतसुद्धा नाही."

"माझ्या हाताला कळतं!" माझं डोकंच फिरलं. "माझी कात्री जायची वेळ आली तुझ्यापायी. उद्यापासून येऊ नकोस."

तिने गॅस बंद केला, डबा पिशवीत टाकला आणि गेली.

उरलेले कोटही निघाले. मालकाने बाही उजेडात धरून पाहिली आणि कात्री स्वतः उचलून माझ्या हातात दिली. जीव भांड्यात पडला. घरी येऊन हे सांगायचं म्हटलं तर सांगणार कोणाला? रात्रीची दोन अंडी एकट्याने खाल्ली. घर खायला उठलं होतं. सकाळी बटाटा सोलताना मी मोठ्याने म्हणालो, "पोट पाठीला लागलंय तुझं." स्वयंपाकघरात आवाज कसा तरीच वाटला.

शेवटी फोन केला. "ये गं. फक्त पावडर घालू नकोस."

"नाही रे," ती म्हणाली. "समोर तू वाळत चाललेला आणि मी नुसत्या भाज्यांचं पाणी पाजायचं? माझ्याने राहवणार नाही. पुन्हा घालेन मी. त्यापेक्षा नकोच."

रात्री जेवायला ये म्हणावं, तर अंधार पडला की तिला रस्ता दिसत नाही.

"रविवारी ये," मी म्हणालो. "दुकान बंद असतं."

रविवारी सकाळीच ती आली. पाहुण्यासारखी. मुकाट्याने सूप केलं आणि वाडगा पुढे ठेवला. "काही घातलं नाही हं. हवं तर पिशवी बघ."

मी कपाटातून डबा काढला. आदल्या संध्याकाळी आणून ठेवला होता.

"घाल."

"आणि हात?"

"आज त्याला सुट्टी."

मग पदराने डोळे पुसून तिने डब्याचं झाकण उघडलं. घातली ती दोन चमचे नाही, चांगली चार चमचे.

दुपारी जेवताना माझा चमचा ताटाबाहेर गेला. अर्धा घास शर्टावर सांडला. तिने खुर्ची ओढली, माझ्या शेजारी बसली आणि चमचा माझ्या बोटांतून सोडवून घेतला.

"आ कर, बाळ्या."

मी आ केला.