टिचकीवर चालणारा उंचीमापक

मी एक जुना उंचीमापक आहे, आणि कोणी मला हात लावलेला मला खपत नाही. मित्रांनो, हे आधीच सांगून ठेवतो. या डोंगरावर फिरायला येणारी माणसे आमच्या मोडक्या विमानासमोर दात काढून फोटो काढतात, एखादा स्क्रू आठवण म्हणून खिशात घालतात आणि "बिचारे" म्हणत उतरून जातात. त्यांची कीव मला नको.

माझा जन्म युद्धाच्या काळातला. एका लांबलचक खोलीत बायका ओळीने बसून माझ्यासारखी यंत्रे जुळवत. केसाएवढी स्प्रिंग चिमट्याने बसवताना त्या श्वाससुद्धा रोखून धरत. विमान किती उंचीवर आहे ते काट्याने वैमानिकाला दाखवायचे, एवढेच माझे काम. युद्धभर मी एकदाही खोटे बोललो नाही. तेव्हा माझी काच रोज मऊ फडक्याने पुसली जाई.

युद्ध संपले आणि माझे कौतुकही संपले. गरज सरो, वैद्य मरो. निम्मे कारागीर घरी गेले. आमचे विमान मात्र सामानाच्या फेऱ्या मारत राहिले. हळूहळू मला आतून गंज धरला. विमान खाली येऊ लागले की माझा काटा अडायचा आणि मी पाच-सहाशे फूट वरचाच आकडा दाखवत बसायचो. काचेवर बोटाने टिचकी मारली की काटा सुटून खऱ्या आकड्यावर यायचा.

मला बदलावे म्हणून आमच्या मिस्त्रीने वर्कशॉपच्या साहेबांकडे दोनदा खेटे घातले. साहेब म्हणाले, टिचकीने चालतो ना, मग चालतो. दोष विमानाच्या वहीत लिहिला की विमान जमिनीवर उभे ठेवावे लागते, म्हणून तो लिहायचाही नाही असे ठरले. टिचकीची गोष्ट वैमानिकांना तोंडी सांगायची. तळावर माझे नाव "जावईबापू" पडले, कारण गोंजारल्याशिवाय मी जागचा हलत नव्हतो. सगळे हसत. मला त्यात हसण्यासारखे काही दिसत नव्हते.

एके दिवशी आमचा वैमानिक आजारी पडला आणि दुसऱ्या तळावरून एक जण बदली आला. शांत माणूस होता. बसल्याबसल्या त्याने माझी काच स्वतःच्या रुमालाने पुसली. मिस्त्रीला वाटले, टिचकीचे साहेबांनी सांगितले असेल. साहेबांना वाटले, मिस्त्रीने सांगितले असेल. दुपारी या डोंगरावर ढग उतरले होते. ढगातून खाली येताना वैमानिक सारखा माझ्याकडे बघत होता. मी अठ्ठावीसशे फूट दाखवत होतो. डोंगर तेवीसशे फुटांचा होता. त्याने माझ्यावर विश्वास ठेवला, आणि विमानातले तिघेही गेले.

चौकशीचे लोक येण्याआधी साहेब आणि मिस्त्री वर पोचले. एवढ्या धक्क्यातही माझी काच शाबूत होती आणि काटा अजून अठ्ठावीसशेवरच अडलेला होता. साहेबांनी इकडेतिकडे पाहिले, वाकले आणि टिचकी मारली. काटा तेवीसशेवर येऊन थांबला. मिस्त्रीने मान खाली घातली. मग चौकशीवाले आले, माझ्याकडे बघून त्यांनी लिहिले की उंचीमापक बरोबर आहे, चूक वैमानिकाची. जी टिचकी तिघांचे जीव वाचवू शकली असती, ती साहेबांनी आपली नोकरी वाचवायला मारली. त्या माणसाचा मला मनापासून तिटकारा आहे. मिस्त्रीचाही होता.

चाळीस वर्षांनी तोच मिस्त्री काठी टेकत वर आला. त्याच्याबरोबर त्या वैमानिकाची मुलगी होती. त्यानेच पत्र लिहून तिला बोलावले होते. तिने सांगितले की बाकीच्या दोघांच्या घरच्यांनी तिच्या आईचे तोंडही पाहिले नाही. दोन माणसे मारणाऱ्याची बायको, हेच ऐकत आई गेली. मिस्त्री दगडावर बसला.

"ताई, चूक तुमच्या वडिलांची नव्हती. काचेला टिचकी मारायची असते, हे त्यांना सांगायचं आमच्याकडून राहिलं. आणि नंतर सगळं बघून मी गप्प बसलो."

मग तिने पिशवीतून वही आणि पेन काढले.

"काका, हेच लिहून द्या. खाली सही करा, तारीख घाला."

त्याने लिहिले. त्या वेळी विमानाच्या वहीत एका ओळीत मावला असता असा दोष लिहायला त्याला आता तीन पाने लागली. उठताना जुन्या सवयीने त्याचे बोट माझ्या काचेकडे आले. तिने त्याचा हात धरला.

"आता नको," ती म्हणाली.

मित्रांनो, टिचकीवर चालणारी एखादी वस्तू तुमच्याही घरात असेल. तिला हसू नका. नव्या माणसाच्या हाती देण्याआधी तिचा दोष त्याला सांगा आणि लिहूनही ठेवा. दुसऱ्या कोणी सांगितले असेल, असे समजून गप्प बसू नका. मला तोंड नव्हते. तुम्हाला आहे.