मेरिनच्या स्वयंपाकघराची शांतता

“शांतता बदल, पोरी,” हेडफोन काढत डेस म्हणाला होता. “बाकी सगळं बदललंयस, मग तीही बदल. शांतता पण कुणाच्या तरी घरची असते.”

मी हेटीला खांद्यावर घेऊन थोपटत होते. तिला दात येत होते, चार दिवस मला धड झोप नव्हती. मी म्हटलं, “पंप सगळ्यांकडेच असतो, डेस. आपल्या भागात टाकीचं पाणी नाही असं एक घर दाखव.”

“हा पंप सगळ्यांकडे नसतो.”

“आता तुला पंपांची पण नावं सांगता यायला लागली?”

“चाळीस वर्षं कानांच्या जिवावर जेवलोय मी,” असं म्हणून तो चहा टाकायला गेला. मी फाइल तशीच पाठवून दिली.

आमचा पॉडकास्ट म्हणजे आम्ही दोघंच. डेस रेडिओतून निवृत्त झालेला, आणि मी कॉलेजात पत्रकारिता शिकून ऑस्ट्रेलियातल्या विमेरा भागात, गव्हाच्या रानात संसाराला आलेली. माझ्या घरामागच्या पत्र्याच्या शेडला आतून जुन्या रजया ठोकल्या होत्या, तोच स्टुडिओ. एका बुधवारी शोधबातमी, पुढच्या बुधवारी लघुकथा. पेरणीच्या दिवसांत आमचे ऐकणारे तिप्पट व्हायचे. ट्रॅक्टर उपग्रहाच्या इशाऱ्यावर आपला आपण सरळ चालतो, माणूस चौदा चौदा तास केबिनमध्ये बसून करणार काय? मला त्याचा अभिमान वाटायचा. त्या केबिनमध्ये कोण कोण बसलेलं असेल, हे मात्र माझ्या डोक्यात आलं नाही.

मेरिन फिरत्या लायब्ररीची गाडी चालवायची. बाळांना गोष्ट वाचून दाखवताना ती पानं डाव्या हातानं उलटायची. उजव्या हाताची दोन बोटं चिकटपट्टीनं एकमेकांना बांधलेली. मला मूल झाल्यापासून माझी नजर सारखी भिरभिरत असते. हेटीला तिथं नेताना मी तीन आठवडे ती बोटं पाहिली आणि चौथ्या आठवड्यात विचारलं.

तिचा नवरा गार्थ पेरणीला गेलेला असताना तिच्या स्वयंपाकघरात आम्ही बसलो. हेटी माझ्या मांडीवर, माइक टेबलावर. मेरिन पाककृती सांगावी तसं सांगत होती.

“पहिल्यांदा त्यानं माझी बोटं गाडीच्या दारात धरली आणि दार लावलं. म्हणजे आधी माझ्याकडे बघितलं, मग लावलं. नंतर एकदा मेंढ्यांच्या हौदात डोकं दाबलं. मी आकडे म्हणत राहते अशा वेळी. त्या दिवशी एकतीसपर्यंत गेले.”

मधेच बाहेर पंप घुरघुरला, थांबला, आणि भिंतीतल्या नळीत दोनदा ठक ठक झालं. अठरा सेकंदांनी परत तेच.

“धुण्याच्या खोलीतला नळ गळतो, म्हणून पंप सारखा चालू होतो,” मेरिन म्हणाली. “सहा वर्षं सांगतेय. गार्थ म्हणतो, तुझे कान बंद कर.”

शेवटी आम्ही एक मिनिट गप्प बसलो आणि मी नुसती खोली रेकॉर्ड केली. प्रत्येक मुलाखतीनंतर हे करतातच. बोलण्यातल्या फटी भरायला त्याच खोलीची शांतता लागते.

आमचा वकील म्हणाला, पोलिसांत तक्रार नाही, तर शोधबातमी म्हणून हे लावू नका, तो तुम्हाला कोर्टात खेचेल. तक्रारीचं नाव काढलं तर मेरिन म्हणाली, “तक्रार केली की तो घरी येईपर्यंतच मी जिवंत.” पण सांगायचं होतं तिला. मग मी त्याची लघुकथा केली. शेताचं मोटेल केलं, हौदाचा पोहण्याचा तलाव, गार्थला टक्कल दिलं. मेरिननं वाचलं आणि म्हणाली, “ही बाई माझ्यापेक्षा धीट आहे गं. लाव.”

बॅलरॅट शहरातल्या एका नटीनं कथा वाचली. छान वाचली, पण आमच्या शेडमध्ये ते कपाटात बसून वाचल्यासारखं ऐकू येत होतं. मी त्याच्याखाली मेरिनच्या स्वयंपाकघराचं ते मिनिट अंथरलं आणि माझ्या अंगावर काटा आला. तो काटा मला हवा होता. डेसचं ऐकलं नाही ते त्यापायी. पोरीच्या दातांचं निमित्त.

बुधवारी कथा लागली. गुरुवारी सकाळी दहाला मेरिनचा फोन ठरलेला असायचा. तो आला.

“ऐकलीस?” मी विचारलं.

“अर्धी. रडायला आलं म्हणून बंद केली.”

आम्ही थोडं बोललो. काहीतरी चुकतंय असं मला वाटत होतं, कळत नव्हतं. मग कळलं. मिनिट उलटून गेलं होतं आणि तिच्या मागं ठक ठक झालं नव्हतं.

“मेरिन, पंप बिघडलाय का?”

“नाही गं, गंमतच झाली. गार्थ आला मघाशी, ट्रॅक्टर रानात तसाच सोडून. बोलला नाही काही. पाइप पाना काढला आणि नळाचा वायसर बदलला. अजून तिथंच उभा आहे. किती शांत वाटतंय बघ.”

“मागच्या दारानं नीघ. आत्ता. काही घेऊ नकोस.”

“का?”

“त्यानं ऐकलंय. मी तुझ्या घरची शांतता वापरली. पंप आहे त्यात.”

तिची खुर्ची सरकली. मग गार्थचा आवाज आला, अगदी फोनजवळ, अगदी शांत. “कोण आहे? गोष्टवाली का?”

आवाज वेगळे काढणं हे माझं काम आहे, आणि त्या सकाळी ते मला येत नसतं तर बरं झालं असतं. लोखंड टेबलावर आपटलं. फोन खाली पडला, पण बंद झाला नाही. मग पुन्हा लोखंड, आणि ह्या वेळी खाली टेबल नव्हतं. मेरिन ओरडली नाही. ती आकडे म्हणत होती. चार. पाच. नंतरचे आकडे तोंडात काहीतरी भरल्यासारखे येत होते.

शेडमधल्या दुसऱ्या मोबाइलवरून मी पोलिसांना कळवलं. सगळ्यांत जवळची गाडी पन्नास मिनिटं लांब होती. दोन्ही फोन घेऊन मी हेटीला गाडीत बांधलं, चावी लावली आणि बसून राहिले. चाळीस किलोमीटर. आणि तिथं हिला कुठं ठेवू? मग मेरिनची शेजारीण आठवली, व्हायडा नोस्के. त्यांची एकदा मुलाखत घेतली होती, नंबर होता.

“मिसेस नोस्के, मी ब्रायोनी, पॉडकास्टवाली. गार्थ मेरिनला मारतोय.”

“मारतो हे ठाऊक आहे मला. नवरा-बायकोत आपण कशाला पडा म्हणून—”

“पाइप पाना आहे त्याच्या हातात. मला ऐकू येतंय.”

“निघाले.”

“आत जाऊ नका. पोलीस येईपर्यंत—”

“बहात्तरची आहे मी, बाळ. थांबून काय करू?”

मिसेस नोस्के रस्त्यानं गेल्याच नाहीत. दोन कुंपणं तोडून सरळ रानातून गाडी घातली, हॉर्नवर कोपर दाबून. मेरिन अकरावर थांबली होती. पुढचा आकडा आला नाही. मग लांबून तो हॉर्न आला, जवळ येत गेला, आणि लाकूड मोडल्याचा आवाज झाला. तो गाडीखाली आलेला व्हरांड्याचा खांब होता.

“बाहेर ये,” मिसेस नोस्केंचा आवाज आला. “मलाही मार. पण मी वाकणार नाही हां, गुडघे गेलेत माझे.”

गार्थ बाहेर आला आणि पायरीवर बसला. पाना मांडीवर घेऊन पोलीस येईपर्यंत तसाच बसून राहिला. त्या त्याला ओलांडून आत गेल्या.

मेरिन वाचली. जबडा तारांनी बांधलाय, डावा डोळा गेला. ती आता दुसऱ्या गावात असते, कुठल्या ते मी सांगणार नाही. दर गुरुवारी दहाला फोन येतो. तिला बोलता येत नाही, ती श्वास घेते आणि मी बोलते. पहिल्याच फोनवर मी माफी मागितली. तिनं लगेच फोन ठेवला. पुढच्या गुरुवारी परत केला.

डेस एकदाही ‘मी सांगितलं होतं’ म्हणाला नाही. म्हणायला हवं होतं.

मिसेस नोस्केंना भेटायला गेले तर त्या म्हणाल्या, “सहा मिनिटं लागली मला तिच्या दारापर्यंत. सहा वर्षं मी गेले नाही.”

हे वाचताना तुमच्या मनात एखादीचं नाव आलं असेल. तिची बोटं, तिचा लांब बाहीचा झगा, तिचं मधेच बोलणं तोडणं. तिला फोन करू नका. फोनवर सगळं ठीकच असतं, आणि कोण शेजारी उभं आहे ते दिसत नाही. अंडी मागायला जा, नाहीतर पत्ता विचारायला. पण आज जा, आणि ती स्वतः दार उघडते का, ते बघून या.