उज्वलाची शिंक

पिपरी मेघे गावात राहणाऱ्या बंडूजींचं वर्ध्यात धान्याचं दुकान होतं. सकाळी साडेआठला ते चपला घालायचे आणि नेमकी त्याच वेळी त्यांची सून उज्वला शिंकायची. एक नाही, दहा-बारा शिंका!

बंडूजी कपाळाला आठ्या घालून परत आत येत, पाणी पीत, दहा मिनिटं बसत.

"काऊन वो सूनबाई, माह्या निघायच्या वक्तालेच तुले शिंक येते?"

"मामाजी, मी मुद्दाम नाई करत जी."

२००१च्या दिवाळीनंतर एक मोठा सौदा फिसकटला आणि खापर उज्वलावर फुटलं. बंडूजी बाहेर पडेपर्यंत तिनं मागच्या खोलीत बसायचं ठरलं. नवरा हेमराज खाली मान घालून बाहेर निघून गेला.

त्या खोलीत दुकानाच्या रिकाम्या पोत्यांचा बारदाना आणि जुन्या कापसाच्या गाद्या रचलेल्या. तिथं शिंका दुप्पट झाल्या. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून ती तोंडात पदर कोंबून नाक दाबायची. एका सकाळी दाबलेल्या शिंकेसरशी नाकातून रक्ताची धार लागली!

हेमराज शेजारच्या शालूबाईंना घेऊन आला. त्या निवृत्त नर्स. त्यांनी उज्वलाला पुढे वाकवून नाक चिमटीत धरलं. रक्त थांबल्यावर खोलीभर पाहिलं आणि एका गादीवर जोरानं थाप मारली. धुळीचा लोट उठला अन् दारात उभे असलेले बंडूजी लागोपाठ तीनदा शिंकले!

"आता कोणाचा अपशकुन झाला, बंडूजी?" शालूबाई म्हणाल्या. "धुळीनं शिंक येते. कोणाले कमी, कोणाले जास्त. पोरगी सकाळी तुमच्या निघायच्या आधीच कोरडा झाडू मारते, वरून धुपाचा धूर. अन् तुमी तिले धुळीतच कोंडून राह्यले!"

सुनेचा लाल झालेला पदर पाहून बंडूजी तिच्याजवळ येऊन बसले. म्हणाले, "चुकलं माह्यं, बेटा."

त्या दिवशी दुकान बंदच राहिलं. बारदाना हलला, गाद्या गच्चीवर उन्हात पडल्या, खोळी गरम पाण्यात भिजल्या. धूप अंगणात गेला. झाडण्याऐवजी ओल्या फडक्यानं पुसणं सुरू झालं आणि ते काम हेमराजनं स्वतःकडे घेतलं. उज्वलाला डॉक्टरांनाही दाखवलं.

शिंका अगदीच गेल्या नाहीत. थंडीत दोन-चार येतातच. पण उज्वला आता पुढच्या खोलीत सगळ्यांसोबत चहा घेते.

वाचकहो, आपल्या घरात कुणी सकाळी शिंकत असेल तर त्याला दोष देण्याआधी त्याचं अंथरूण-पांघरूण उन्हात टाका, खोली ओल्या फडक्यानं पुसा. दुखणाईत माणसाला अपशकुनी ठरवणं हा अन्याय आहे, आणि तो थांबवणं आपल्याच हातात आहे!